सोल लँड : हराळी, मास्तर आणि २६३ एपिसोड

शेतातली हराळी ज्यानं कधी उपटलीये त्याला सोल लँड ही चिनी ॲनिमेशन सिरीज लवकर कळेल असं माझं मत आहे, आणि मी गंमत करत नाहीये. हिरोची पॉवर काय, तर गवत. त्या दुनियेत पोरगं सहा वर्षांचं झालं की त्याचं स्पिरिट, म्हणजे अंगात दडलेली शक्ती, जागं करायचा कार्यक्रम असतो, शहरातून एक माणूस येतो, सहा काळे दगड मांडतो, पोराला मधे उभं करतो आणि मग हातातून जे निघेल ते तुझं नशीब. कुणाच्या हातातून विळा निघतो, कुणाच्या कुदळ, नशीबवान असेल तर एखादा वाघबिघ. आणि आपल्या तांग सानच्या हातातून निघतं ब्लू सिल्व्हर ग्रास, म्हणजे निळसर चंदेरी गवत, जे तिकडं बांधावर, रस्त्याकडेला, कुठंही उगवतं आणि ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. तपासायला आलेला माणूस पण हळहळतो, कारण पोराची जन्मजात ताकद पूर्ण दहा लेव्हलची आहे, म्हणजे इंजिन ट्रकचं आणि बॉडी सायकलची असा प्रकार.

आमच्याकडं वडील उन्हाळाभर हराळी खणायचे, एक गाठ जरी मातीत राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा आहेच. त्यामुळं बाकीच्या पोरांना जेव्हा ते गवत म्हणजे फालतू वाटत होतं तेव्हा मी मनात म्हटलं, थांबा लेकांनो, तुम्ही गवताशी भांडला नाहीत कधी.

तर ही गोष्ट सोल लँडची, चिनी नाव दौलुओ दालू. मूळ वेब कादंबरी, छीद्यान नावाच्या साइटवर २००८ च्या शेवटी सुरू झालेली, लेखकाचं टोपणनाव तांग जिया सान शाओ, म्हणजे साधारण ‘तांग घराण्यातले तिसरे धाकटे मालक’. हिरोचं नाव तांग सान, सान म्हणजे तीन. म्हणजे गड्यानं स्वतःच्याच टोपणनावावरून हिरोचं बारसं केलंय, लाज वगैरे काही नाही. हा लेखक रोज न चुकता लिखाण टाकण्यासाठी प्रसिद्ध आहे, वर्षानुवर्षं एकही दिवस खाडा नाही म्हणतात, आणि हे लक्षात ठेवा कारण सिरीजचे गुण आणि दोष दोन्ही यातूनच आलेत. ॲनिमेशन थ्रीडी आहे, हांगचौच्या श्वानजी नावाच्या स्टुडिओनं केलेलं, टेन्सेंट व्हिडिओ या चिनी साइटवर जानेवारी २०१८ ला सुरू झालं आणि जून २०२३ ला संपलं. एकूण २६३ एपिसोड. पहिले २६ एक तुकडा, मग २०१८ च्या डिसेंबरपासून दर शनिवारी एक, जवळजवळ न थांबता. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांसारखं, फक्त सासूच्या जागी दहा हजार वर्षांचा कोळी.

मला हे सापडलं लॉकडाउनमधे, २०२० ला. धाकटा भाऊ यूट्यूबवर ते हिंदीत गोष्ट समजावून सांगणारे व्हिडिओ बघायचा, ते असतात ना, मागं क्लिप चालू आणि एक माणूस धापा टाकत ‘तो भाई लोग अब टांग सान को गुस्सा आ जाता है’, तसले. भारतात निम्म्या लोकांनी सोल लँड असंच बघितलंय, मूळ सिरीज नाहीच. मी आधी त्याला हसलो, मग जेवताना कानावर पडत गेलं, मग एक दिवस विचारलं की अरे त्या गवतवाल्या पोराचं पुढं काय झालं, आणि मग संपलंच. त्या वेळी शंभरेक एपिसोड आलेले होते, ते आम्ही दोघांनी दोन आठवड्यांत खाल्ले, मूळ चिनी आवाजात इंग्रजी सबटायटल लावून, आणि मग पुढची तीन वर्षं शनिवार. मधे धाकट्याची बारावी झाली, माझी पहिली नोकरी सुटून दुसरी लागली, तांग सान मात्र एका बेटावर परीक्षाच देत होता.

सुरुवातीची पाच मिनिटं वेगळ्याच गोष्टीची आहेत हे आधी सांगतो, नाहीतर गोंधळ होतो. तिथं तांग सान हा जुन्या चीनमधल्या तांग पंथाचा बाहेरच्या गटातला शिष्य आहे. हा तांग पंथ चिनी तलवारबाज कथांमधे ठरलेला असतो, सिचुआनमधलं घराणं, विष आणि लपवून मारायची हत्यारं यात वस्ताद. आपल्या भाषेत सांगायचं तर वाघनखं आणि बिचवा यांची पीएचडी केलेलं खानदान. यानं आतल्या गटाची गुप्त पोथी चोरून वाचलेली असते, त्याच्या जोरावर सगळ्यात अवघड हत्यार बनवतो, बुद्धाच्या क्रोधाचं कमळ असं काहीसं नाव, आणि मग चोरीची कबुली म्हणून कड्यावरून उडी मारतो. मेला. आणि डोळे उघडतो तर दुसऱ्याच दुनियेत, एका दारुड्या लोहाराचं पोर म्हणून, आधीचं सगळं आठवतंय. म्हणजे जुन्या वळणाच्या गोष्टीतला माणूस उचलून नव्या जादूच्या गोष्टीत टाकलाय. मला ही आयडिया भारी वाटली कारण बाकीचे सगळे आपापल्या वाघ-सिंह-फिनिक्सच्या जिवावर लढतात आणि हा बाहीतून सुया काढतो. गवत आणि सुया. श्रीमंतांच्या पोरांना हरवायला एवढ्यावर येतो.

आणि गाव! गावाचं नाव होली स्पिरिट व्हिलेज, का, तर शंभर वर्षांपूर्वी म्हणे इथून एक मोठा स्पिरिट मास्टर, म्हणजे स्पिरिट वापरण्यात तयार झालेला माणूस, झाला होता. बस. त्या एका माणसाच्या नावावर गाव अजून जगतंय. आपल्याकडं नाही का, ‘आमच्या गावातून एक कलेक्टर झालाय’, तो कलेक्टर रिटायर होऊन वारला तरी कमान तशीच. सरपंच म्हातारा जॅक त्या मोठेपणापायी पोरांना शाळेत पाठवायला धडपडतो, आणि हो, त्याचं नाव जॅकच आहे, पुढं एक ऑस्कर पण येतो आणि एक फ्लेंडर पण. चिनी गावात जॅक कुठून आला हे विचारायचं नाही, दोन एपिसोडनंतर आपल्यालाही काही वाटत नाही.

आता रिंगांचं गणित. सिरीजचा अर्धा नशा यात आहे. स्पिरिट मास्टर दर दहा लेव्हलला अडकतो, पुढं जायचं तर जंगलात जाऊन एक प्राणी स्वतःच्या हातानं मारायचा, त्यातून एक रिंग निघते, ती बसून पचवायची. प्राणी किती वर्षांचा त्यावर रिंगचा रंग. दहा वर्षांचा असेल तर पांढरी, शंभरची पिवळी, हजारची जांभळी, दहा हजारची काळी, आणि एक लाख वर्षांची लाल. जास्तीत जास्त नऊ रिंगा. आणि झेपेल त्यापेक्षा म्हातारा प्राणी घेतला तर अंग फुटून मरणार. पहिल्या रिंगला ४२३ वर्षं ही कमाल मर्यादा, दुसरीला ७६४, तिसरीला १७६०. हे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत आणि माझा पॅन नंबर नाहीये. त्यामुळं होतं काय, की लढाईच्या आधी दोघं समोरासमोर उभे राहिले, पायाखालून रिंगा वर यायला लागल्या की आपण घरी बसून मोजतो, पिवळी, पिवळी, जांभळी, जांभळी, काळी… आणि पाचवी काळी आली की धाकटा ‘अरे गेला हा’ म्हणून ओरडतो. पत्त्याच्या डावात समोरच्याचे पत्ते उघडे पडावेत तशी मजा. आणि अधूनमधून एखादा रंग चुकीच्या जागी येतो, तेव्हा खरंच अंगावर काटा येतो.

हे आकडे शोधून काढणारा माणूस म्हणजे मास्तर, यू श्याओगांग, सगळे त्याला ग्रँडमास्टर म्हणतात, अर्धे आदरानं आणि अर्धे चेष्टेनं. मी ही सिरीज टिकून बघितली ती या माणसासाठी. मोठ्या घराण्यातला, पण स्पिरिट असं निघालं की तोंड दाखवायला जागा नाही. डुक्कर आणि कुत्रा यांच्या मधलं काहीतरी गुबगुबीत जनावर, त्याचं नाव लुओ सान पाओ, आणि ते लढतं कसं, तर पादून. खरंच. मास्तर गंभीर चेहऱ्यानं मंत्र म्हणतात की ज्याचा पाद मेघगर्जनेसारखा, तो लुओ सान पाओ, आणि ते प्राणी आपलं काम करतं. लेव्हल २९ ला अडकलेला, तिसावी येतच नाही, आयुष्य गेलं. मग या माणसानं काय केलं, तर बसून सगळ्या जगाच्या स्पिरिटांचा अभ्यास केला, थिअरी लिहिली, आणि लोकांनी विचारलं की एवढं कळतं तर स्वतः का नाही झालास मोठा.

असा एक मास्तर प्रत्येकाच्या गावात असतो हो. आमच्याकडं गणिताचे एक सर होते, स्वतः कुठल्या परीक्षेत कधी लागले नाहीत, पण त्यांच्या ओट्यावर बसून शिकलेली तीन पोरं इंजिनिअर झाली आणि सरांची सायकल शेवटपर्यंत तीच. नॉटिंग नावाच्या छोट्या शहराच्या शाळेत गरीब कोट्यातून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला हा मास्तर थांबवून सांगतो की तुझ्याकडं दोन स्पिरिट आहेत, गवताशिवाय दुसरं तू लपवतोयस, आणि तुझं गवत फालतू नाही, फालतू स्पिरिट नसतंच, फालतू माणूस असतो. तो पहिला सीन एवढा साधा आहे, ना म्युझिकचा भडिमार ना काही, पोर तिथंच गुडघे टेकून गुरू करतं. आणि मग ते दोघं पहिली रिंग आणायला जंगलात जातात, धोत्र्याच्या नावाचा साप, मास्तर स्वतः जखमी होतो, त्याच्याकडं लढायची ताकद नाहीये हे त्यालाही माहितीये आणि तरी तो पोराच्या पुढं उभा राहतो. २६३ एपिसोडमधे पुढं देव येतात, समुद्र फाटतात, आकाशात सूर्य फुटतो, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी लढाई तीच, एक लेव्हल २९ चा माणूस आणि एक साप.

मग श्रेक अकादमी. नाव ऐकून तो हिरवा कार्टूनवाला आठवला ना, चिनीत दोन्ही नावं सारखीच लिहितात आणि शाळेच्या चिन्हावर पण हिरवा राक्षसच आहे, त्यामुळं लेखकानं कुठून उचललं ते उघड आहे. ही शाळा म्हणजे पडकी खोपटी, मुख्याध्यापक फ्लेंडर कंजूष मारवाड्याच्या वर, ॲडमिशनच्या फीची दहा सोन्याची नाणी आधी पेटीत टाकायची मग तपासणी, नापास झालास तर पैसे परत नाहीत. पण घेणार फक्त ‘मॉन्स्टर’, साधी पोरं नकोत. इथं सात जणांची टोळी जमते. तांग सान, श्याओ वू, पांढऱ्या वाघाचा दाई मूबाई, जाड्या मा होंगजून ज्याचं स्पिरिट फिनिक्स असून बिचाऱ्याला सगळे कोंबडी म्हणतात, श्रीमंत घरची निंग रोंगरोंग, मांजरीच्या स्पिरिटची जू जूछिंग, आणि ऑस्कर, ज्याचं स्पिरिट आहे सॉसेज. तो सॉसेज बनवतो, ते खाल्लं की जखमा भरतात, पण बनवायचा मंत्र असा आहे की चारचौघांत म्हणायची सोय नाही, आणि तो ऐकल्यावर कुणाला ते तोंडात घालवत नाही. आईनं नेमकं त्याच वेळी सबटायटल वाचलं होतं एकदा. असो.

मग मास्तर श्रेकमधे येतात आणि या सात जणांना ट्रेनिंग देतात तो भाग म्हणजे सिरीजचं लोणी. पाठीवर दगड भरलेल्या टोपल्या, शहरापर्यंत पळायचं आणि परत, आणि अट काय, तर सगळे पोचले पाहिजेत, एक जरी राहिला तरी सगळ्यांना जेवण नाही. मग निंग रोंगरोंगचे दगड मुलं हळूच आपल्या टोपलीत घेतात, आणि मास्तर ते बघून न बघितल्यासारखं करतात. माझ्या धाकट्याला हे बोअर झालं, त्याला लढाया हव्या होत्या, मला विचाराल तर पुढच्या सगळ्या लढाया याच टोपल्यांवर उभ्या आहेत.

आता शिव्या घालायची वेळ.

ग्राफिक्स. पहिले वीसपंचवीस एपिसोड बघताना मन मोठं ठेवा. चेहरे मेणाचे, सगळ्या बायका एकाच साच्यातल्या, फक्त केसांचा रंग वेगळा, गर्दी दाखवायची वेळ आली की तेच चार माणसं वीस वेळा, आणि पळताना पाय जमिनीला लागतच नाहीत. पुढं अकादम्यांची स्पर्धा सुरू होईपर्यंत बरंच सुधारतं, आणि शेवटची पन्नाससाठ बघितली तर तोच स्टुडिओ आहे यावर विश्वास बसत नाही, कपड्याची विण दिसते, पाण्याचा फेस दिसतो. साडेपाच वर्षं चाललेली एकच सिरीज बघितल्याचा हा एक वेगळा फायदा, पोरं लेव्हल चढतात तसे ॲनिमेशन करणारे पण चढताना दिसतात. पण नवीन माणसाला हे सांगून काय उपयोग, तो दुसऱ्या एपिसोडलाच पळतो.

दुसरं म्हणजे लांबण. रोज लिहिणाऱ्याची कादंबरी आणि दर शनिवारी विकायचा एपिसोड, दोन्ही एकत्र आलं की काय होणार. एपिसोड वीस मिनिटांच्या आसपास, त्यातून सुरुवातीचं गाणं काढा, ‘मागील भागात’ काढा, शेवटचं गाणं आणि पुढची झलक काढा, मग उरलं त्यात निम्मं लोक एकमेकांकडं बघून ‘हे कसं शक्य आहे!’ म्हणतायत. एक जण हात वर करतो. कट. स्टँडमधले तीन जण आश्चर्यचकित. कट. कोच समजावून सांगतो की ही चौथी रिंगची चाल आहे. कट. हात अजून वरच. ती अकादम्यांची मोठी स्पर्धा तर एवढी ताणलीये की मी मधे दोन महिने बघणं सोडलं होतं आणि परत आलो तेव्हा सेमीफायनल चालू होती. वर ज्या ॲपवर बघत होतो त्याचं वेगळंच, पैसे भरूनही सबटायटल दोन सेकंद मागं, म्हणजे माणूस मरून पडल्यावर खाली येणार ‘सावध!’

इथून पुढं कथेचे काही धागे उघडे करणार आहे, ज्यांना कोरं बघायचंय त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडा.

श्याओ वू. वसतिगृहाच्या सातव्या खोलीत भेटलेली पोरगी, घोट्यापर्यंत वेणी, ती वेणी माणसाच्या गळ्याला गुंडाळून त्याला आठ वेळा आपटते, आमच्याकडच्या कुठल्याही आखाड्यात हिला फेटा बांधला असता. ही तांग सानची मानलेली बहीण होते, त्याला ‘ग’ म्हणते, म्हणजे दादा, आणि मग प्रेम. मराठी माणसाला इथं ठसका लागतो, मला पण लागला, धाकटा तर स्क्रीनकडं बघेना. पण चिनीत हा दादा म्हणजे आपला राखीवाला दादा नाही, प्रेमात पडलेली मुलगी पण तेच म्हणते, हे एकदा डोक्यात बसवलं की चालतं, हिंदीवाल्यांनी मात्र सरळ ‘भैया’ करून वाट लावलीये. तर ही श्याओ वू मुळात माणूस नाहीच, एक लाख वर्षांची सशाची जात, माणसाचं रूप घेऊन परत पहिलीपासून शिकायला आलेली. आणि आता ते रिंगांचं गणित आठवा. लाख वर्षांचा प्राणी म्हणजे लाल रिंग, शिवाय त्याचं ताकद देणारं हाड पण मिळतं. म्हणजे ज्या क्षणी लोकांना कळेल त्या क्षणी सगळी दुनिया तिला मारायला धावणार, वाईट माणसंच नाही, सगळीच. शंभर एपिसोड आपण ज्या रंगांना टाळ्या वाजवल्या ते रंग म्हणजे कुणाचा तरी जीव होता हे इथं एकदम समोर येतं. लेखकानं हे ठरवून केलं असेल तर सलाम. फक्त एक खटकतं, की एवढ्या जंगलफेऱ्यांमधे ती बाजूला उभी राहून आपल्याच लोकांची शिकार बघते त्यावर सिरीज फार बोलत नाही, पटकन पुढं सरकते. तिथं एक थांबलेला एपिसोड मी आनंदानं सहन केला असता.

आणि दारुडा बाप, तांग हाओ. स्पर्धेच्या शेवटी स्पिरिट हॉल नावाच्या बड्या संस्थेचे लोक श्याओ वूला ओळखतात, पळायला जागा नाही, आणि हा फाटक्या कपड्यातला लोहार हातोडा घेऊन उतरतो. रिंगा वर येतात. दोन पिवळ्या, दोन जांभळ्या, चार काळ्या, आणि नववी लाल. आम्ही दोघं ओरडलो, शेजारच्या काकू बघायला आल्या. पण खरी मेख नंतर. ती लाल रिंग कुणाची, तर त्याच्या बायकोची, तांग सानच्या आईची. ती पण लाख वर्षांची, ते फालतू गवत, त्या गवताची राणी, नवऱ्याला वाचवायला स्वतःचा बळी दिला तिनं. म्हणजे बाप दारू का पितो, गवत का, सगळं एका रंगात. ज्या रिंगवर आम्ही ओरडलो ती बाईची राख होती. पुढं श्याओ वू तेच करते तांग सानसाठी, आणि तो एपिसोड ग्राफिक्स, म्युझिक, आवाज सगळ्या बाजूंनी सिरीजमधला सगळ्यात चांगला आहे, मी रडलो, धाकटा पाणी प्यायला म्हणून उठला आणि दहा मिनिटं आलाच नाही.

त्यानंतर मात्र देवांचं प्रकरण सुरू होतं आणि माझा इंटरेस्ट उतरत गेला. समुद्रदेवाचं बेट, नऊ परीक्षा, त्रिशूळ, पंख, मग लढाई म्हणजे प्रकाशाचे दोन गोळे एकमेकांवर. मोजायला रिंगा नाहीत, मर्यादेचे आकडे नाहीत, जो जास्त जोरात ओरडेल तो जिंकला. एक गंमत मात्र आपल्या लोकांनी बघण्यासारखी. मुख्य विरोधक बीबी दोंग, मास्तरांची जुनी प्रेयसी बरं का, ती होते लुओछा देवता, आणि तांग सानला मिळतं श्यूलुओ देवपद. हे शब्द ओळखीचे वाटतात का? लुओछा म्हणजे राक्षस, श्यूलुओ म्हणजे असुर, बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृतातून तिकडं गेलेले. म्हणजे शेवटची लढाई चक्क असुर विरुद्ध राक्षस, आणि असुर आपला हिरो, न्याय करणारा. आजीला सांगितलं तर म्हणाली, मग देव कुठं गेले होते?

बीबी दोंगवर स्वतंत्र लिहायला पाहिजे खरं. तिच्या गुरूनंच तिचं आयुष्य उद्ध्वस्त केलंय, सिरीजमधे ते कादंबरीपेक्षा झाकून दाखवलंय, पण डोळ्यातून कळतं. एकाच गोष्टीत एक गुरू असा आणि दुसरा मास्तरांसारखा, आणि ती बाई दोघांच्या मधे चिरडलेली. बाकीच्या बायकांचं विचारू नका, जू जूछिंगला एवढ्या एपिसोडमधे जेमतेम काही वाक्यं आहेत आणि कपडे मात्र लढाईला कधीच सोयीचे नाहीत. मुलगे गळ्यापर्यंत बंद, मुलींना थंडीच वाजत नाही.

कसं बघायचं ते सांगतो. टेन्सेंटचं बाहेरच्या देशांसाठीचं वीटीव्ही ॲप आहे, पण त्यावर भारतात २०२० ला बंदी आली, यूट्यूबवर त्यांचं चॅनल आहे, तिथं इंग्रजी सबटायटल मिळतात. मराठी काही नाही, त्या हिंदी व्हिडिओंवर बघू नका, गोष्ट कळेल पण मास्तर कळणार नाहीत. पहिले २६ एका दमात बघा, ग्राफिक्सकडं काणाडोळा करून. मास्तर श्रेकमधे आले आणि तरी मजा येत नसेल तर सोडून द्या, पुढं तुमच्यासाठी काही नाही. स्पर्धेच्या सुरुवातीच्या मॅच दीडपट स्पीडवर. बाप हातोडा घेऊन येतो तिथं फोन सायलेंट. बेटावर परत दीडपट, हवं तर दुप्पट. लहान मुलांसोबत बघणार असाल तर मारामारी आणि ऑस्करचा मंत्र दोन्हींची तयारी ठेवा. २०२१ ला खऱ्या माणसांची चाळीस भागांची मालिका पण आली, श्याओ चान तांग सान झालाय, दिसतो छान, पण मी तीन भागांत सोडली, हातातून निघणारं गवत मला कार्टूनमधेच खरं वाटतं.

माझ्याकडून दहापैकी साडेसात, त्यातले तीन एकट्या मास्तरांचे.

संपलं त्याच महिन्यात लगेच दुसरा भाग सुरू झाला, दहा हजार वर्षांनंतरची गोष्ट, नवा हिरो, ग्राफिक्स पहिल्यापासून चकाचक. धाकटा हॉस्टेलवरून बघतो आणि मला मेसेज टाकतो की दादा भारी आहे, बघ. मी सहा एपिसोड बघितले. श्रेक आता मोठी आलिशान शाळा झालीये, कमान काय, इमारती काय, आणि मास्तरांचं आता फक्त नाव उरलंय. सातवा अजून लावलेला नाही.